जीआय बिलाचे महिने लॉ स्कूलसाठी राखून ठेवा

नमस्कार. अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडून आता वकील होऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. जीआय बिल, म्हणजे सैन्यात सेवा केलेल्यांना शिक्षणाचा खर्च देणारी अमेरिकी सरकारची योजना. तिच्यातून लॉ स्कूलचा खर्च भागतो, पण किती भागेल हे बहुतेकदा पदवीच्या वर्षांतच ठरून गेलेले असते.

१ ऑगस्ट २००९ पासून लागू झालेल्या जीआय बिलात एकूण ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा लाभ मिळतो. शैक्षणिक वर्ष साधारण ९ महिन्यांचे धरले, तर चार वर्षांच्या पदवीतच तो संपतो आणि जे.डी.साठी, म्हणजे पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी, लागणारे सुमारे २७ महिने उरत नाहीत. म्हणून ज्याला वकील व्हायचे आहे, त्याने पदवी शक्यतो कमी फीच्या सरकारी कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून करावी आणि हे महिने राखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांना मुदतीचे बंधन नसल्यामुळे थांबण्यात त्यांचे काही बुडत नाही.

सक्रिय सेवेचे ३६ महिने भरले की साधारणपणे १०० टक्के पात्रता मिळते. मग सरकारी लॉ स्कूलमध्ये राज्याच्या रहिवाशांना लागणारी फी पूर्ण भरली जाते, खासगी ठिकाणी मात्र २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे ३० हजार डॉलरची मर्यादा आहे. नामांकित खासगी लॉ स्कूलची फी ७० हजारांच्या वर गेली आहे. ही दरी यलो रिबन योजना भरून काढते: उरलेल्या ४० हजारांपैकी २० हजार लॉ स्कूलने सोडले, तर तेवढेच माजी सैनिकांचा विभाग घालतो. मात्र किती जागा आणि किती रक्कम, हे प्रत्येक संस्था आपले आपण ठरवते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच हे विचारून घ्या.

ज्या गोष्टीपायी मुले फसतात ती शिष्यवृत्तीची आहे. केवळ फीसाठी म्हणून दिलेली शिष्यवृत्ती आधी वजा होते आणि विभाग उरलेलीच रक्कम भरतो, म्हणजे जिथे फी एरवी पूर्ण भरली गेली असती, तिथे गुणांवर मिळवलेल्या पैशाचा विद्यार्थ्याच्या हाती काहीच फायदा राहत नाही. तीच रक्कम राहण्याच्या खर्चासाठी देता येईल का, हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा. घरभाडे भत्ता दरमहा मिळतो, पण सत्रांमधल्या सुट्टीत थांबतो, तेव्हा उन्हाळ्याची तजवीज आधीच करावी लागते.

ज्यांचे महिने संपले आहेत, त्यांनीही निराश होऊ नये. १६ एप्रिल २०२४ रोजी रुडिसिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सेवेच्या वेगवेगळ्या कालखंडांतून आधीचे माँटगोमेरी आणि २००९ पासूनचे, अशी दोन्ही जीआय बिले मिळवलेल्या सैनिकाला एकूण ४८ महिन्यांपर्यंत लाभ घेता येतो. सैन्यात दोनदा भरती झालेल्यांनी आपल्या पात्रतेचे पत्र पुन्हा काढून त्यातले महिने मोजावेत.