शर्यत थांबते तेव्हा पडद्यावर काय दिसावे?

श्रोतेहो, मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेत शर्यत थांबवण्यासाठी लाल झेंडा दाखवला जातो, तेव्हा एकाच वेळी दोन खोल्यांतली धांदल वाढते. एक खोली शर्यत नियंत्रण कक्षाची. तिथे ट्रॅकभर बसवलेल्या कॅमेऱ्यांची दृश्ये पडद्यांवर दिसत असतात आणि वळणावळणांवर सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या मार्शलांचे निरोप येत असतात. दुसरी खोली प्रक्षेपणाची. तिथे बसलेला दिग्दर्शक जगभरच्या वाहिन्यांना जाणारे चित्र क्षणाक्षणाला निवडत असतो. दोन्ही खोल्यांना अपघात बहुधा एकाच वेळी दिसतो, पण पहिलीला काही सेकंदांत शर्यत थांबवायची की नाही हे ठरवायचे असते आणि दुसरीला लोकांना काय दाखवायचे हे. आज मी मुख्यतः दुसऱ्या खोलीविषयी बोलणार आहे. शर्यत थांबल्यानंतर तिने कसे वागावे, याचे नियम आधीच ठरलेले असायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

मोटरींच्या शर्यतीत अपघातानंतर सेफ्टी कार म्हणजे ताफ्याचा वेग रोखणाऱ्या गाडीच्या मागे सर्वांना संथ गतीने फिरवता येते. मोटरसायकलींना हा मार्ग सहसा मानवत नाही, कारण वेग कमी झाला की टायर झपाट्याने थंड होतात आणि थंड टायरवर पुन्हा वेग घेणे हाच नवा धोका ठरतो. शिवाय पडलेल्या स्वाराभोवती मोटरीसारखा संरक्षक सांगाडा नसतो. तो ट्रॅकवर उघडा पडलेला असतो आणि मागून येणाऱ्यांना त्याला चुकवण्यासाठी क्षणार्धाचाही अवधी मिळत नाही. म्हणूनच इथे शर्यत सरळ थांबवणे हेच अनेकदा एकमेव सुरक्षित उत्तर असते.

तरीही ते उत्तर नेहमी दिले गेलेले नाही. 6 एप्रिल 2003 रोजी जपानमधल्या सुझुका इथे दाइजिरो कातो या स्वाराचा भीषण अपघात झाला. शर्यत चालूच राहिली आणि मार्शलांनी त्याला स्ट्रेचरवरून घाईने बाजूला नेले. दोन आठवड्यांनी त्याचे निधन झाले. 5 सप्टेंबर 2010 रोजी इटलीतल्या मिसानोला मोटोजीपीखालच्या मोटो2 वर्गात शोया तोमिझावाला मागून येणाऱ्या मोटरसायकलींची धडक बसली, पण लाल झेंडा निघाला नाही. त्याच दिवशी मोटोजीपीची शर्यतही झाली. अधिकाऱ्यांनी लाल झेंडा न दाखवण्याच्या निर्णयाचे समर्थन केले. माझ्या मते मात्र, गंभीर जखमी स्वाराला ट्रॅकवरून हलवण्याची घाई करावी लागते आहे, एवढी एक गोष्ट शर्यत थांबवायला पुरेशी असायला हवी होती. पुढच्याच वर्षी, 23 ऑक्टोबर 2011 रोजी, मलेशियातल्या सेपांग इथे मार्को सिमोनचेल्लीचा अपघात झाला, तेव्हा शर्यत लगेच थांबवून नंतर रद्द करण्यात आली. त्याचे वडील सर्किटवरच होते. अशा वेळी प्रक्षेपणाचा प्रेक्षक केवळ दूर घरी बसलेला नसतो. जखमी स्वाराचे आप्तही तेच पडदे पाहत असतात.

रिप्लेचा प्रश्न इथेच उभा राहतो. 16 ऑगस्ट 2020 रोजी ऑस्ट्रियातल्या श्पीलबर्गला झार्को आणि मोर्बिदेल्ली या स्वारांची टक्कर झाली आणि स्वार नसलेल्या दोन मोटरसायकली रॉसी आणि विन्यालेस यांच्या अगदी जवळून उसळून गेल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण असे दृश्य वेगवेगळ्या कोनांतून, संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवले जाते, तेव्हा ज्यांना थोड्याच वेळात त्याच वळणावर परत जायचे आहे, ते स्वारही गॅरेजमध्ये बसून ते पाहू शकतात. रिप्ले कधीच दाखवू नये, असे मी म्हणत नाही. अपघात कसा घडला हे समजण्यासाठी तो लागतो. परंतु स्वार शुद्धीवर आहे, बोलतो आहे, अशी माहिती वैद्यकीय पथकाकडून मिळेपर्यंत तो रोखून धरावा आणि मिळाल्यावरही कारण स्पष्ट करणारे दृश्य एकदा दाखवून थांबावे. तोवर कॅमेरा दूरच्या दृश्यावर, पिट लेनवर, म्हणजे गॅरेजांसमोरच्या रस्त्यावर, ठेवता येतो आणि समालोचकाला थोडा वेळ गप्पही बसता येते.

मग मोकळा वेळ भरायचा कशाने? सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि मला वाटते, प्रेक्षकाला तेच हवे असते. आघाडीच्या स्वाराच्या तीन फेऱ्या पूर्ण होण्याआधी शर्यत थांबली, तर ती मूळ ग्रिडवरून, म्हणजे सुरुवातीच्या रांगांच्या क्रमाने, नव्याने होते. त्यानंतर थांबून पुन्हा सुरू झाली, तर पहिल्या भागातल्या क्रमानुसार ग्रिड लागते. आघाडीवरच्याने कमावलेले अंतर मात्र पुसले जाते. श्पीलबर्गलाच पुढच्या आठवड्यात, 23 ऑगस्टला, विन्यालेसचे ब्रेक निकामी झाले, त्याने भरधाव मोटरसायकलवरून उडी टाकली आणि शर्यत थांबली. त्या क्षणी जोआन मीर सहज पुढे होता. पुन्हा सुरू झालेल्या 12 फेऱ्यांच्या शर्यतीसाठी त्याच्याकडे पसंतीचा नवा पुढचा टायर उरला नव्हता; तो चौथा आला आणि अखेरच्या वळणावर दोघांना मागे टाकून मिगेल ऑलिव्हेरा जिंकला. कोणाकडे कोणता टायर शिल्लक आहे, एवढे जरी त्या विरामात नीट समजावून सांगितले, तरी पुढची शर्यत प्रेक्षकाला कितीतरी अधिक कळते.

आता घड्याळाविषयी थोडे. पूर्वी पाऊस आला की शर्यत थांबत असे. 2005 पासून स्वाराला पिटमध्ये येऊन पावसाच्या टायरांची दुसरी मोटरसायकल घेण्याची मुभा मिळाली आणि प्रक्षेपणाचे वेळापत्रक सांभाळणेही सोपे झाले. पण प्रत्येक पावसावर हा उपाय चालत नाही. 26 ऑगस्ट 2018 रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या नव्या डांबरावर पाणी साचून राहिले. आदल्या दिवशी त्याच ओल्या ट्रॅकवर तितो राबातला घसरत आलेल्या मोटरसायकलची धडक बसून त्याच्या पायाला गंभीर इजा झाली होती. रविवारी पावसाचा अंदाज पाहून शर्यतीची वेळ आधीच अलीकडे आणली होती, पण पाणी हटेना. वाहिन्या तासन्‌तास ओला ट्रॅक आणि छत्र्या दाखवत राहिल्या, आणि दुपारी उशिरा शर्यत रद्द झाली. एवढा प्रदीर्घ, महागडा प्रक्षेपणवेळ रिकामा जात असतानाही निर्णय ट्रॅकची अवस्था पाहूनच झाला. मी त्याला त्या मोसमातला सर्वांत चांगला निर्णय मानतो.