येऊ दे, येऊ दे... बस!

(सकाळचे साडेसात. साताऱ्यातल्या जुन्या पेठेतला बोळ. एक पांढरी, उंच गाडी रिव्हर्समध्ये बाहेर येते आहे.)

“येऊ दे... येऊ दे... डाव्या अंगाला तोड... बस, बस, बस!”

एक गाडी घरातून बाहेर पडते आहे आणि त्यासाठी चार माणसं कामाला लागली आहेत. एक मागं उभा, एक पुढं, एक भिंतीकडचा आरसा मिटायला. चौथ्या समोरच्या आजी. त्यांना कुणी काही सांगत नाही. इंजिनाचा आवाज आला की दारातली पाण्याची बादली आत जाते आणि गाडी कोपऱ्यावरून वळली की पुन्हा बाहेर येते.

गाडीला सीट सात. आत माणूस एक. त्याला जायचंय पोवई नाक्याला.

हा माझा चुलतभाऊ, त्यामुळं त्याची थट्टा करायचा मला परवाना आहे. गाडी आली त्या दिवशीचे कंदी पेढे मीही खाल्लेत. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला एवढी मोठी गाडी खरंच लागते का? शेवटी कॅमेरा उचलला आणि एक मोजायची टेप घेतली.

(टेप भिंतीला लावलेली. दुसरं टोक वाड्याच्या पायरीशी.)

थोरल्या शाहू महाराजांना १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पेठा वसत गेल्या. घोडा जावा, पालखी जावी, एवढा तेव्हाचा हिशेब. आमच्या बोळाची सगळ्यात अरुंद जागा भरली सव्वादोन मीटर. फॉर्च्युनरसारख्या गाडीची रुंदी १.८५५ मीटर, तीही आरसे सोडून. म्हणजे दोन्ही अंगांना मिळून उरले चाळीस सेंटिमीटर. ऑल्टो के-१० ची रुंदी १.४९ मीटर. उरले पाऊण मीटर. तेवढ्यात आजी बादलीसकट उभ्या राहू शकतात.

बोळ सोडा, गावाकडं चला. एकपदरी डांबरी रस्त्याचं प्रमाण माप ३.७५ मीटर. समोरासमोर दोन ऑल्टो आल्या तर दोघींची मिळून रुंदी २.९८. थोडं सांभाळून दोघी आपापल्या वाटेनं जातात. दोन फॉर्च्युनर आल्या तर ३.७१. उरतात चार सेंटिमीटर आणि ते आरशांनी आधीच खाल्लेले. मग एकानं साइडपट्टीवर उतरायचं. कोणी उतरायचं, हे टेप सांगत नाही. ते काचेवरच्या स्टिकरवरून ठरतं.

(गॅरेज. लिफ्टवर चढवलेली छोटी गाडी, खालून दिसणारी.)

मोठ्या गाडीची बाजू ऐकायची म्हणून आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी टेपकडं बघितलं आणि हसले.

“माप-बिप राहू द्या. पावसाळ्यात या. किती चेंबर फुटून येत्यात बघा.”

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाचा तेलाचा डबा. खड्डा पाण्यानं भरला की त्याची खोली कळत नाही, आणि दगड नेमका तिथंच लागतो. त्यात आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणं गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच, पण रुंदीला ३.७ मीटर हवा. म्हणजे गाडी अलगद चढावी आणि अलगद उतरावी. गावोगावी रात्रीत उभा राहणारा गतिरोधक वेगळा. त्याला उंची असते, रुंदी नसते. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेतलेली छोटी गाडी त्यावर पोट घासणारच.

मिस्त्रींचं म्हणणं मला सोळा आणे पटलं. फक्त ते काय मागताहेत हे नीट ऐका. ते उंची मागताहेत. लांबी नाही, रुंदी नाही, वजन तर नाहीच.

मला वाटतं गोंधळ इथंच होतो. ‘मोठी गाडी’ या एका शब्दात आपण उंची, लांबी, रुंदी, वजन, सीट असं सगळं कोंबतो, आणि त्यातली एक गोष्ट हवी म्हणून बाकीच्यांचेही हप्ते भरतो. मारुतीची बलेनो ३.९९ मीटर लांब. ब्रेझा ३.९९५. फरक पाच मिलिमीटरचा. एकीला लोक कार म्हणतात, दुसरीला एसयूव्ही. ब्रेझा उंच आहे, तिचं नाक उभं आहे, चालवणारा थोडा वर बसतो. एसयूव्ही म्हटलं की चारही चाकं ओढतात, हाही एक समज. क्रेटा, व्हेन्यू, नेक्सॉन, या सगळ्यांची पुढची दोनच चाकं ओढतात. चिखलात रुतली तर ऑल्टोसारखीच ढकलावी लागते, फक्त ढकलणारी माणसं जास्त लागतात.

इतक्या गाड्या चार मीटरच्या आत कशा, असं कुणी विचारेल. तो कराचा प्रताप. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं. तेव्हापासून कंपन्या गाडीची शेपटी छाटून ती ३.९९५ वर आणून बसवतात. जीएसटीतही हीच रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर असे: चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, डिझेलला १५०० सीसीची मुभा. रेघेपलीकडच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के.

(एसटी स्टँडजवळ. भरत असलेली जीप. टपावर भाजीच्या पाट्या.)

आता खऱ्या मोठ्या गाडीकडं वळू. मेढ्याकडं जाणारं वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी खाजगी जीप.

“सरका की जरा पुढं... अजून एक बसतोय... मावशी, पिशवी मांडीवर घ्या.”

जीपचं पासिंग किती जणांचं, हे विचारायचं नसतं. आत किती बसलेत, हे मोजायचं नसतं. वडापचा एकच नियम आहे, गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. चालकमामा गेली कित्येक वर्षं हाच रस्ता चालवताहेत. मी विचारलं, मामा, मोठी गाडी परवडते का?

“मोठी परवडती. रिकामी न्हाय परवडत.”

हा नियम चुलतभावाच्या गाडीला लावला तर ती बोळातून हलायची नाही.

आणि जास्त माणसं बसवायला गाडी अवाढव्यच लागते असंही नाही. ओमनी आठवते? १९८४ ते २०१९. तीन मीटर सदतीस सेंटिमीटर लांब. तिनं शाळेची पोरं नेली, वऱ्हाड नेलं, गणपती आणले. धडकेच्या बाबतीत ती गाडी काळजात धडकी भरवणारी होती, चालवणाऱ्याचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यात फक्त पत्रा. तिचं कौतुक करायचं नाही. पण दाटीवाटीनं का होईना, आठ सीट त्या लांबीत बसत होत्या, एवढं खरं.

(यवतेश्वरचा घाट. धुकं. कासच्या मोसमातला रविवार.)

समर्थ मंदिर ओलांडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की हमखास ऐकू येतं, “घाटाला मोठीच गाडी पाहिजे.”

आमच्या वडिलांची मारुती ८०० याच घाटानं कासला जायची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. आमच्या घरी आली ती सेकंडहँड. घाट सुरू झाला की वडील म्हणायचे, “एसी बंद करा रे.” दुसऱ्या गिअरवर, काचा खाली घेऊन, आम्ही पाच जण वर. कधी तरी पहिला टाकावा लागायचा, तेव्हा आई देवाचं नाव घ्यायची. पोचायचो मात्र दरवेळी.

आज त्याच घाटात रविवारी गाड्यांची रांग लागते. फुलं बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि यावीत, कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. पण वळणावर समोरून एसटी आली की कोंडी कोण करतं ते जरा बघा. चढाची ताकद कुणालाच कमी पडलेली नसते. कमी पडते ती रस्त्याची रुंदी, आणि घाटात रिव्हर्स घ्यायची सवय. दोन टनांहून जड गाडी उतारावर मागं घेताना नवख्याच्या तळहाताला घाम येतो. ऑल्टोचं वजन पाऊण टनाच्या आसपास. दोन माणसांना फुलं दाखवायला बाकीचं सव्वा टन लोखंड वर चढवायचं आणि संध्याकाळी परत खाली आणायचं.

(महामार्ग. कंटेनरच्या मधून जाणारी छोटी गाडी.)

हायवेवर मात्र माझाच आवाज खाली येतो. खंबाटकीत पुढं कंटेनर, मागं ट्रॅव्हल्स आणि मध्ये आपली छोटी गाडी. पोटात गोळा येतो. चुलतभावानं मोठी गाडी घेण्याचं हे एक कारण सांगितलं होतं आणि त्यावर मी हसलो नव्हतो. जड आणि हलकी गाडी समोरासमोर भिडल्या तर जड गाडीतला माणूस जास्त वाचतो. भौतिकशास्त्रच आहे ते.

फक्त दिसायला मोठी म्हणजे मजबूत, असं धरून चालू नका. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत शून्य तारे मिळालेल्या भारतीय गाड्यांच्या यादीत छोट्या गाड्या होत्या तशी तेव्हाची एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओही होती. पुढं २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एननं त्याच चाचणीत पाच तारे मिळवले. आणि त्याआधी, २०२० मध्ये, अल्ट्रोझनं. ती तर चार मीटरच्या आतली हॅचबॅक. सांगाडा कसा बांधलाय आणि एअरबॅग किती, यावर खेळ ठरतो.

आणि समोरचा कोण असतो? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे, १९.५ टक्के पायी चालणारे. उंच, उभ्या नाकाची गाडी माणसाला पायावर नाही, छातीवर धडकते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये हेच मोजलं: चाळीस इंचांहून उंच बॉनेटची गाडी तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचाऱ्याला ठार करण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. आमच्या बोळात त्या उंचीला आजींची छाती येते.

(स्ट्रॉबेरीचे क्रेट पिकअपमध्ये चढवताना.)

ज्यांना मोठी गाडी लागते त्यांना ती लागतेच. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरी काढणारा शेतकरी पिकअपशिवाय काय करणार. पावसात डोंगरातला रस्ता वाहून गेला की तिकडच्या वस्तीवर ऑल्टो पोचत नाही, जुनी जीप पोचते. एका काकूंनी वेगळंच कारण सांगितलं: गुडघे. खाली वाकून गाडीत बसता येत नाही, उठताना तर दोघांनी ओढावं लागतं. हे कारण मला सगळ्यात खरं वाटलं. आम्ही काकूंना वॅगन आरमध्ये बसवून बघितलं. साडेतीन मीटरहून थोडी लांब, पण उंच. काकू न वाकता बसल्या आणि म्हणाल्या, “हीच बरी की.”

(चुलतभावाची मुलाखत. गाडीच्या बॉनेटला टेकून.)

तो काही लपवत नाही. “छोट्या गाडीत होतो तेव्हा हॉर्न वाजवून वाजवून हात दुखायचा. आता न वाजवता साइड मिळती. कारखान्यावर गेलो तर वॉचमन उठून उभा राहतो. पावणे गेटपर्यंत येतात. तुझ्या टेपमध्ये हे कुठं बसतंय?”

बसत नाही. २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४२ लाख प्रवासी गाड्यांपैकी सुमारे २५ लाख युटिलिटी, म्हणजे एसयूव्हीसारख्या, प्रकारातल्या होत्या. त्यातल्या कितींच्या मालकांच्या मनात असा एखादा वॉचमन उभा होता, कोण जाणे. आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण आधी न उठणारा तो वॉचमन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

(संध्याकाळ. तोच बोळ.)

गाडी परत आली. बादली आत गेली. येऊ दे, येऊ दे, बस. मग कव्हर चढलं, चारही कोपऱ्यांना दोरी बांधली.

घरातून वहिनीचा आवाज आला, “अहो, दूध संपलंय, आणि येताना मोती चौकातून आईंच्या गोळ्या आणा.”

चुलतभावानं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा बोळाकडं. मग भिंतीला टेकवलेली अ‍ॅक्टिव्हा काढली.

“तिकडं लावायला जागा कुठं मिळती,” असं म्हणत त्यानं किक मारली.

आजींनी बादली हलवलीसुद्धा नाही.