फ्रेम पाठीला बसली पाहिजे

(डेन्व्हरमधल्या मराठी मंडळींच्या शनिवारच्या बैठकीत केलेलं बोलणं, लिहून काढताना थोडं सारखं केलेलं)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इकडे खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि शेवटी मला तुमच्यातल्या दोघातिघांच्या पाठी मोजायच्यात त्यामुळे लांब बसून चालणार नाही.

विषय तुम्हाला माहितीये, शिकारीचं मांस पाठीवर वाहायची फ्रेम, म्हणजे सॅकची चौकट, अंगाला नीट बसवायची कशी. आपल्यातल्या चार-पाच जणांनी यंदा हंटर एज्युकेशनचं कार्ड काढलंय, दोघांकडे एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, टॅग म्हणजे शिकारीचा परवाना आहे आणि बाकीचे बरेच जण मित्राला मांस वाहायला मदत म्हणून जाणार आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार जवळपास बंदच आहे, म्हणजे आपल्या वयाच्या कुणाच्याच घरात या गोष्टी सांगणारं कोणी नव्हतं, जे शिकायचं ते इथे येऊनच. बंदूक, धनुष्य, आवाज काढून एल्कला बोलवायचं कसं, हे सांगणारे इथे गल्लोगल्ली भेटतात. पण जनावर पडल्यावर जे काम सुरू होतं त्याबद्दल नीट कोणी बोलत नाही, आणि माणसं दुखावतात ती तिथेच.

आधी हिशोब बघा. मोठा नर एल्क 300 किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून टाकली तरी 80-100 किलो मांस हातात येतं. कोलोरॅडोच्या कायद्याने खाण्यालायक मांस रानात टाकून येता येत नाही, तो गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे, जीव घेतलाय तर त्यातला खाण्यासारखा घासन् घास घरी आला पाहिजे. आता जागा जर वाइल्डरनेस म्हणून राखलेली असेल तर तिथे 1964 च्या कायद्याने गाडी तर नाहीच, पण हाताने ओढायची चाकाची गाडीसुद्धा नेता येत नाही. राहिलं काय, घोडा, लामा नाहीतर तुमची पाठ. दहा हजार फुटांवर, झाडं आडवी पडलेल्या उतारावरून, खेपेला 25-30 किलो, अशा तीन-चार खेपा. आणि सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन चांगलं तापतं, मांस गार ठेवायचं तर रमतगमत चालायची सोय नाही.

माझं पहिलं वर्ष सांगतो. फ्रेम मित्राची उसनी घेतली होती, तो सहा फूट दोन इंच, मी साडेपाच फूट. रिकामी घालून बघितली, हलकी वाटली, म्हटलं चालेल. मागच्या पायाचं मांस बांधून निघालो आणि पाव मैलात कमरेचा पट्टा सरकून पार खाली, म्हणजे सगळं वजन खांद्यांवर आणि खालची कड ढुंगणावर आपटतेय. तीन मैल तसाच चाललो. गाडीपाशी पोचलो तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना बक्कल उघडायची ताकद नव्हती, आणि तो हात दोन दिवस बधिर होता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की खांद्याच्या पट्ट्याखाली हाताकडे जाणाऱ्या शिरांचा जुडगा दबतो, सैनिकांना हा त्रास जुना आहे, इंग्रजीत त्याला नावच रकसॅक पाल्सी. तेव्हापासून कुणी उसनी फ्रेम घेऊन निघालं की मी त्याला थांबवतो, घड्याळ न बघता थांबवतो.

आणि खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. आमची आजी विहिरीवरून पाणी आणायची, डोक्यावर एकावर एक दोन घागरी. निघायच्या आधी ती चुंबळ फिरवत बसायची. जुन्या लुगड्याच्या फडक्याची चुंबळ, ती डोक्यावर पक्की बसली नाही तर आजी घागर उचलायचीच नाही, मागे बायका खोळंबल्या तरी. भार डोक्यावरून सरळ मणक्यात, मणक्यातून कमरेत, कमरेतून पायात. वजन हाडाने घ्यायचं, मांसाने नाही. शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाटाने कावड चढवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी आठवा, खांद्याला लागू नये, भार सरकू नये म्हणून किती जपतात. फ्रेमच्या बाबतीत तुमची चुंबळ म्हणजे कमरेचा पट्टा, हिप बेल्ट. तो बसला तर बाकी सगळं जमवता येतं आणि तो बसला नाही तर बाकीचे पट्टे कितीही ओढा, काही उपयोग नाही.

म्हणून पहिलं काम, पाठ मोजायची. उंची नाही, पाठ. माझी बायको माझ्यापेक्षा दोन इंचांनी कमी उंच आहे आणि तिची पाठ माझ्यापेक्षा दीड इंच लांब आहे, माझे पाय लांब, तिची पाठ लांब. दुकानात उंची विचारून साइझ हातात दिला तर घेऊ नका. मान खाली घाला, मानेच्या मुळाशी जो मणका टोकासारखा वर येतो तो सातवा, तिथून टेप सुरू. आता विठोबासारखे हात कमरेवर ठेवा. पण नुसते ठेवायचे नाहीत, दाबून खाली सरकवत न्या, बाजूला हाडाची कड लागते बघा, पँटचा पट्टा बांधतो त्याच्या चांगली वर असते ती बहुतेकांची. बोटं पुढे, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते तिथे टेप संपला. टेप पाठीच्या बाकाला चिकटून जाऊ द्या, ताणून सरळ धरू नका. हे स्वतःचं स्वतःला मोजता येत नाही, घरातल्या कुणालातरी सांगा. 16, 18, 20 इंच, जे येईल ते फोनमध्ये लिहून ठेवा.

आता पट्टा. पट्ट्याची गादी त्या हाडाच्या कडेवर अशी बसली पाहिजे की साधारण अर्धी वर, अर्धी खाली, म्हणजे कडेला तिने मिठी मारली पाहिजे. कडेच्या वर पोटावर बांधला तर श्वास घ्यायला त्रास, पोट दुखतं. खाली बांधला तर मांडीचा सांधा अडतो आणि कमरेच्या पुढच्या टोकापाशी एक शीर जाते ती दबते, मग मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, जळजळते. पुढे दोन्ही बाजूच्या गाद्या एकमेकींना टेकता कामा नयेत, मध्ये चारेक बोटं अंतर राहिलं पाहिजे. टेकल्या म्हणजे पट्टा मोठा आहे, अजून ओढायला जागाच उरली नाही, आणि हंगामात आठ दिवस रानात काढल्यावर तुम्ही बारीक होणार आहात हेही लक्षात ठेवा. ज्यांच्या कमरेला फारसा घाट नाही, सरळ नळीसारखं अंग आहे, त्यांचा पट्टा घसरतोच, त्यांनी पाठीच्या खालच्या बाकात बसणारी गादी थोडी जाड घ्यावी. बायकांच्या कमरेचा उतार वेगळा असतो, म्हणून पट्ट्याचा कोन बदलता येतो का ते आधी बघावं, जिथे बदलता येत नाही ती फ्रेम कितीही चांगली म्हणत असले तरी माझ्या मते सोडून द्यावी. आणि एक साधी गोष्ट, आत पँटला चामड्याचा जाड पट्टा आणि त्यावर सुरीची म्यान असेल तर ती गादीखाली चेचली जाते, तिथे काळंनिळं होतं. मांस वाहताना ते सगळं काढून ठेवा.

कमरेवर भार घ्यायची कल्पना तशी फार जुनी नाही बरं का, निदान इथल्या सॅकमध्ये तरी. आधी लाकडी चौकट आणि कॅनव्हास, सगळा भार खांद्यांवर. 1952 मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला डिक केल्टी नावाच्या माणसाने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम विकायला सुरुवात केली, शिवणकाम त्यांची बायको नेना करायची, घरातच. असं सांगतात की डोंगरात चालताना फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात घातली तर खांदे एकदम हलके झाले आणि त्यातून कमरेच्या पट्ट्याची वाट सापडली. पुढे 1967 च्या सुमाराला ग्रेग लोव यांनी फ्रेम सॅकच्या आत घातली. आपण सह्याद्रीत, हिमालयात जी सॅक वापरली ती याच घराण्यातली. शिकारीच्या फ्रेममध्ये फरक इतकाच की पिशवी फ्रेमपासून सुटी होते आणि दोन्हीच्या मधे फळीसारखी जागा उघडते, मांस तिथे, पाठीला लागून बसतं.

आणि म्हणूनच शिकारीच्या फ्रेमला उंची लागते. खांद्याच्या वरून मागे फ्रेमकडे जाणारे जे बारीक पट्टे असतात, लोड लिफ्टर, ते फ्रेमवर खांद्यापेक्षा तीनचार इंच वर अडकवलेले हवेत, बाजूने बघितलं तर साधारण 45 अंशात वर चढत जाणारे. ते आडवे पडले म्हणजे फ्रेम बुटकी आहे, मग ते भार उचलत नाहीत, उलट खांदा मागे खेचतात. दहा-बारा किलोला हे कळतसुद्धा नाही. 30 किलोला पहिल्या चढावर कळतं. 24 इंची फ्रेम बहुतेकांना पुरते, पाठ लांब असेल तर 26 ची घ्या किंवा वर जोड लावता येतो तो लावा.

घालायचा क्रम नीट ऐका, यात घाई केली की सगळं वाया. सगळे पट्टे सैल करा. सामान पाठीवर घ्या, कमरेतून थोडं पुढे वाका म्हणजे भार पाठीवर झोपतो, खांदे उडवून फ्रेम जरा वर घ्या, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच कमरेचा पट्टा हाडावर आवळा, चांगला आवळा. मग सरळ उभे राहा. आता खांद्याचे पट्टे ओढा, फक्त अंगाला लागेपर्यंत. खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली बोट घालून बघा, बोट सहज फिरलं पाहिजे. काही जण म्हणतात तिथे पोकळी ठेवावी, मला ते पटत नाही, पोकळी ठेवली की उतारावर भार डुलतो, पट्टा अंगाला लागलेला असावा पण त्याने वजन घेऊ नये. त्यानंतर लोड लिफ्टर, आणि शेवटी छातीचा पट्टा, तो हलकाच, श्वास अडेल इतका नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि परत वाकून कमर आवळा, गाद्या दबतात, घसरणं होतंच. मग चालताना दर थोड्या वेळाने भार थोडा खांद्यावर, थोडा कमरेवर असा फिरवत राहा, एकाच जागी तासभर दाब नको.

आता फ्रेमला पाठीच्या बाजूने ज्या उभ्या सळ्या असतात त्यांबद्दल. अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या असतील तर त्या काढून गुडघ्यावर हळूहळू वाकवून स्वतःच्या पाठीच्या बाकासारख्या करता येतात, दोन्ही सारख्या वाकवायच्या. मी माझ्या तीन रविवार बसून केल्या, बायको मागून बघत होती कुठे फट राहते ते, आणि त्यानंतर पाठीत जी एक जागा कायम दुखायची ती दुखायची थांबली. कार्बन फायबरच्या सळ्यांना हे करायला जाऊ नका, मोडतील.

आणि फ्रेम उत्तम बसली तरी मांस चुकीचं बांधलं तर सगळं बिघडतं. हाडं काढलेलं मांस पिशवीत खाली गोळा होतं, गोळा झालं की मागे लोंबतं, तुम्ही पुढे वाकून चालता आणि कंबर धरते. म्हणून पिशवी वळकटीसारखी लांबट बांधा, खाली दोरीने आवळा म्हणजे घसरणार नाही, आणि जड भाग खांद्यामागच्या दोन पंख्यांच्या, म्हणजे चपट्या हाडांच्या मधे, पाठीला अगदी चिकटून. बाजूचे पट्टे सारखे ओढा, एकीकडे जास्त ओढलं तर चालताना एकाच गुडघ्यावर येतं.

हे सगळं रानात पहिल्यांदा करायचं नाही. इंडियन स्टोअरमधली 20 पाउंडाची तांदळाची पिशवी आपल्या सगळ्यांच्या घरी असते, ती दगडाविटांपेक्षा बरी कारण ती मांसासारखी खाली बसते. एक पिशवी घेऊन आठवडाभर, मग दोन, मग तीन, रोज संध्याकाळी अर्धा तास, चढ असलेल्या रस्त्याने. बोटांना मुंग्या आल्या तर खांद्याचं बघा, मांडी बधिर झाली तर पट्टा खाली गेलाय, पंख्यांच्या मधे जळजळलं तर पाठीचं माप फ्रेमवर चुकलंय, ते एक खाच वर-खाली करून परत चाला. अजून सहा आठवडे आहेत, वेळ भरपूर आहे.

इथे तीन पिशव्या आणल्यात, दोन फ्रेम आहेत आणि टेप माझ्याकडे आहे. टॅगवाले दोघं आधी या, स्वेटर काढून ठेवा, आणि वहिनी, तुम्ही पण या, ह्यांची पाठ मोजायला घरी तुम्हीच लागणार आहात.