शिसं गुंडाळलेली माशी

नमस्कार श्रोतेहो.

ट्राउट मासा मराठवाड्यात नाही आणि कधी येईल असंही वाटत नाही. त्याला थंड, खळाळतं पाणी लागतं; वीस अंशांच्या वर पारा गेला की त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपली गोदावरी मे महिन्यात किती तापते, हे पैठणच्या घाटावर पाय बुडवून बसणाऱ्याला मी काय सांगावं! पण उन्हाळी सुटीत आपल्याकडची पुष्कळ मंडळी कुलू-मनालीला जातात. त्यांच्यात एखादा गळाचा शौकीन असतोच, आणि बियास किंवा तीर्थन नदी पाहिली की त्याचे हात शिवशिवतात. आजचं बोलणं त्याच्यासाठी: गळावर लोकर-पिसं बांधून किड्यासारखी दिसणारी नकली माशी कशी करायची आणि ती पाण्यात कशी टाकायची.

इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेला हा मासा तिथं पाण्यातले किडे खाऊन जगतो. त्यातला एक ठळक किडा म्हणजे स्टोनफ्लाय. तिचं पिल्लू, म्हणजे निम्फ, वर्षभर, मोठ्या जातींत दोन-तीन वर्षंसुद्धा, नदीतळाच्या गोट्यांखाली राहतं. दोन शेपट्या, सहा दणकट पाय, पाठीवर पंखांच्या दोन जोड्यांचे कोंब. लांबी काही मिलिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंत. पंख फुटायची वेळ आली की हा किडा वर पोहत येत नाही, तर रांगत काठावरच्या दगडावर चढतो आणि तिथं कात टाकतो. पोहण्यात तो अगदीच कच्चा. पाय सुटला की तळालगत गडगडत वाहत जातो, आणि ट्राउट तिथंच तोंड उघडून बसलेला असतो. म्हणून आपली नकली माशी कितीही देखणी असो, ती मधल्या पाण्यात तरंगत राहिली तर फुकट. रंगापेक्षा वजन महत्त्वाचं, हे माझं ठाम मत.

सामान लांबून मागवायची गरज नाही. लांब दांडीचा आठ नंबरचा गळ घ्या. पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करतात त्या दुकानात तांब्याची बारीक तार मिळते. शर्टाच्या इलॅस्टिकमधला रबरी दोरा पायांना चालतो. काळी किंवा गडद तपकिरी लोकर तर घरात असतेच. राहिलं शिसं. सोल्डरिंगची तार वापरता येते, पण तिच्यात कथील मिसळलेलं असतं, त्यामुळे ती शुद्ध शिशापेक्षा हलकी पडते. तार गळाच्या दांडीइतकीच जाड असावी. वेढे पुढच्या अर्ध्या भागात, म्हणजे किड्याच्या छातीच्या जागी द्यावेत, आणि गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाजवळ, थोडी जागा मोकळी सोडावी, नाहीतर शेवटी गाठ मारायला जागाच उरत नाही. वेढे पक्कडीनं किंचित चपटे केले की अंगाला निम्फचा रुंद, पसरट आकार येतो. मागं कोंबड्याच्या पिसाच्या दोन काड्या फाकवून बांधायच्या, मग लोकर गुंडाळायची, वर तांब्याच्या तारेचे विरळ वेढे. पाय बांधून झाले की पाठीवर पिसाचा तुकडा दुमडायचा. बस्स. नवशिका इथं डोळे, मिशा लावत बसतो; वाहत्या पाण्यात माशाला ते सगळं बघायला क्षणभरही मिळत नाही.

शिसं विषारी आहे, तेव्हा बांधून झाल्यावर हात धुवा. पाणपक्षी शिशाच्या गोळ्या गिळून मरत होते म्हणून ब्रिटननं १९८७ साली लहान वजनांवर बंदी आणली. टंगस्टनचा मणी मिळाला तर तोच घ्यावा. शिसं पाण्याच्या अकरापट जड, टंगस्टन एकोणीसपट. आपल्या नाथसागरावर येणारे पक्षी डोळ्यांसमोर आणा आणि तिथंही शिशाचे तुकडे टाकून येऊ नका.

आता टाकणं. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, म्हणजे माशी तुमच्यासमोर येईपर्यंत तळाला लागते. तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहतं. दोरी पाण्यावर लोळत राहिली तर वरची धार माशीला पळवत नेते, आणि तसं पळणारं निम्फ ट्राउटला खोटं वाटतं. म्हणून काठी उंच धरून शक्य तितकी दोरी पाण्याबाहेर ठेवायची. झटका जाणवेल म्हणून वाट पाहू नका. रोहूच्या गळावर बसणाऱ्याची ही सवय इथं नडते. ट्राउट घास घेतो आणि लगेच थुंकतो. दोरीवरचा छोटा तरंगता बोंडा जरा अडखळला, की काठी उचला. बऱ्याचदा दगडच निघेल. पण गळ दगडाला कधी अडकतच नसेल, तर तो खोल गेलेलाच नाही.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगलेली, गढूळ असते. तेव्हा मोठं, काळं, जड निम्फच कामाला येतं, आणि डबीत पाच-सहा तरी असावीत. त्यातली दोन-तीन नदीतले दगड ठेवून घेतातच. तिथल्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद असते.

नमस्कार.