एसच्या आधी की एसच्या नंतर?

नमस्कार मंडळी. आज जरा उलटाच कारभार आहे, म्हणजे जी गोष्ट कानाला ऐकूच येत नाही तिच्याबद्दल मी रेडिओवर बोलणार आहे, आता बोला! इंग्रजीतली ती एवढीशी खूण, अक्षराच्या डोक्याशी लटकणारा स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी, जी कुणाचं काय ते, म्हणजे वस्तूचा मालक, दाखवते. एका मुलाचं पुस्तक असेल तर 'बॉइज बुक', दहा मुलांचं मिळून एक असेल तरी 'बॉइज बुक', आणि नुसतं मुलगे म्हणायचं असेल तरी 'बॉइज'च. आता मी म्हणतो 'बॉइज', सांगा बरं कुठलं म्हणालो? नाही सांगता येणार. बोलण्यात काही फरकच नाहीये, तो सगळा कागदावर, एसच्या आधी खूण की एसच्या नंतर एवढाच.

मी स्वतः कितीतरी वर्षं हे अंदाजपंचे करत होतो, एसच्या आसपास कुठेतरी टिंब पडलं म्हणजे झालं, वाचणारा घेईल समजून. मग एकदा नोकरी सोडताना पत्रात 'टू वीक्स नोटीस' लिहिलं आणि अपॉस्ट्रॉफी दिली एसच्या आधी. साहेबांनी त्याला लाल गोल केला आणि म्हणाले, दोन आठवडे की एक आठवडा ते आधी नक्की ठरवा! तेव्हा राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता. खूण एसच्या आधी म्हणजे मालक एक, एकच आठवडा. दोन आठवडे म्हटले की एस हा अनेकवचनाचा, तो आधीच लागलेला आहे, मग खूण त्याच्या पाठीमागेच जाणार.

आता बघा, आपल्याकडे हेच काम अनुस्वार करतो. मुलाचं पुस्तक, मुलांचं पुस्तक. मुलीची शाळा, मुलींची शाळा. एका दिवसाची रजा, दोन दिवसांची रजा. तो डोक्यावरचा ठिपका आला की मालक एकाचे अनेक झाले. फक्त आपला ठिपका ऐकू येतो, त्यांचा येत नाही. त्यामुळे इंग्रजी लिहिताना शंका आली की मी सरळ मनात मराठी करून बघतो, 'दिवसाची' की 'दिवसांची'? अनुस्वार आला तर एस आधी, खूण नंतर. वन डेज लीव्हमध्ये खूण आधी, टू डेज लीव्हमध्ये नंतर. दहापैकी नऊ वेळा काम होतं.

पण मराठीच आपल्याला एका ठिकाणी गंडवते पण, ते सांगतो. आपलं चा-ची-चे हे मालकाकडे बघत नाही, वस्तूकडे बघतं. मुलाचा शर्ट, मुलाची वही, मुलाचे बूट. वस्तू बदलली की प्रत्यय बदलला. त्यामुळे होतं काय, की 'एका मुलाची खूप पुस्तकं' असं लिहायचं असलं की आपली नजर जाते पुस्तकांवर, पुस्तकं खूप आहेत ना, मग अनेकवचन, मग खूण एसच्या नंतर! साफ चूक. इंग्रजीला पुस्तकं किती याच्याशी काही देणंघेणं नाही, ते फक्त मालक मोजतं. म्हणून वस्तूवर हात ठेवा, झाकून टाका तिला, आणि फक्त मालकाचा शब्द पूर्ण लिहा, एक असेल तर एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी. तो लिहून झाला की शेवटचं अक्षर बघा. अनेकवचन एसने संपत असेल तर नुसती खूण लावा, नसेल तर खूण आणि पुढे एस.

नसेल तर म्हणजे कुठे? चिल्ड्रन, मेन, विमेन, पीपल. हे शब्द एसशिवायच अनेकवचनी आहेत, त्यामुळे चिल्ड्रन्स, मेन्स, विमेन्समध्ये खूण नेहमी एसच्या आधी. आता 8 मार्चला किती बॅनर लागतात विमेन्स डेचे आणि त्यातल्या कितीतरी बॅनरवर खूण एसच्या नंतर असते, म्हणजे लिहिणाऱ्याने 'विमेन्स' असं एक अनेकवचन मनानेच तयार केलं. असा शब्दच नाही हो इंग्रजीत. शीप तर अजून भारी, एक मेंढी पण शीप आणि कळप पण शीप, दोन्हीकडे खूण एसच्या आधी, मग मेंढ्या किती ते वाक्यावरून ओळखायचं. आणि वाइफ, वुल्फ, थीफ असल्या शब्दांमध्ये चक्क फरक ऐकू येतो. एका बायकोचं ते वाइफ्स, फचा उच्चार, अनेकींचं ते वाइव्ह्ज, व आला. अशी सोय फार थोड्या शब्दांत आहे.

वाइव्ह्जवरून आठवलं, 'ॲन ओल्ड वाइव्ह्ज टेल'. म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेली, पुरावा काही नसलेली समजूत. यात लोक हमखास अडकतात, की पुढे 'ॲन' आहे, म्हणजे एक, मग वाइव्ह्ज अनेकवचन कसं? तर तो ॲन बायकांचा नाहीच, तो टेलचा आहे. समजूत एक, सांगणाऱ्या अनेक. 'अ गर्ल्स स्कूल' तसंच, शाळा एक, मुली पुष्कळ, खूण एसनंतर. 'अ लव्हर्स क्वॉरल' पण, भांडायला निदान दोघं लागतात ना! आणि 'रोग्ज गॅलरी' म्हणजे बदमाशांच्या फोटोंची मांडणी, एका बदमाशाची कशी होईल. उलट रायटर्स ब्लॉक, म्हणजे लिहिणाऱ्याला काही सुचेनासं होणं, यात खूण आधी, लेखक एकटाच बसलेला असतो बिचारा. बॅचलर्स आणि मास्टर्स डिग्रीत पण खूण आधीच, डिग्री एका बॅचलरची असते, पण बायोडेटामध्ये लोक खूण एक तर गाळतात किंवा पाठीमागे ढकलतात.

वेळेचं अजून एक सांगतो कारण ते रोज लागतं. 'पाच मिनिटांची चाल' हे इंग्रजीत दोन तऱ्हेने म्हणतात. फाइव्ह मिनिट्स वॉक, इथे एस आहे आणि त्याच्यामागे खूण. नाहीतर 'अ फाइव्ह-मिनिट वॉक', इथे पुढे 'अ' आला, मध्ये जोडरेघ आली, आणि एस पण गेला खूण पण गेली, कारण आता तो मालक राहिला नाही, विशेषण झाला. दोन्ही बरोबर. दोन्हीची खिचडी मात्र चुकीची, आणि लोक नेमकी तीच करतात.

आणि खरी मारामारी पुढेच आहे, की हा मालक आहे का नुसतं वर्णन? अमेरिकेत 11 नोव्हेंबरला व्हेटरन्स डे असतो, त्या व्हेटरन्समध्ये खूणच नाही. तिथल्या सरकारचं म्हणणं असं की हा दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नाही, त्यांचा मान करायचा दिवस आहे. बरं, मग मदर्स डे? त्यात खूण आहे, आणि तीही एसच्या आधी, एकवचनी. ॲना जार्व्हिस नावाच्या बाईंनी हा दिवस सुरू करायला जिवाचं रान केलं, 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो जाहीर केला, आणि बाईंचा आग्रह होता की प्रत्येकाने आपापल्या एका आईचा मान करावा, जगातल्या समस्त आयांचा नाही, म्हणून एकवचन. प्रेसिडेंट्स डे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाची सुट्टी, तिचा तर आनंदच आहे, तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्यात तिचं नाव आजही वॉशिंग्टन्स बर्थडे, आणि राज्याराज्यात कुठे खूण एसच्या आधी, कुठे नंतर, कुठे गायब. युनेस्कोचा 5 ऑक्टोबरचा वर्ल्ड टीचर्स डे मात्र सरळ, शिक्षक अनेक, खूण एसनंतर.

लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्टच्या लगेच पुढे बॅरन्स कोर्ट येतं, पहिल्याच्या पाटीवर खूण आहे, दुसऱ्याच्या नाही, आणि इंग्रज रोज तिथून जातात, काही बिघडत नाही. त्यामुळे नाव, पाटी, ब्रँड यात नियम शोधत बसू नका, ज्याने ठेवलंय त्याने जसं लिहिलंय तसं लिहा.

मला विचाराल तर हा गोंधळ साहजिकच आहे. ही खूण मुळात मालकीसाठी नव्हतीच, 16 व्या शतकात फ्रेंचकडून आली ती गाळलेलं अक्षर दाखवायला. अनेकवचनात एसच्या पाठीमागे खूण लावायची शिस्त तर त्यानंतर खूप उशिरा, 18 व्या-19 व्या शतकात रुळली.

आडनावांचं पटकन सांगतो. जोन्स कुटुंबाचं घर लिहायचं तर आधी अख्खं कुटुंब करा, द जोन्सेस, मग खूण शेवटी. जॉन आणि मेरीचं मिळून एकच घर असेल तर एस फक्त मेरीला, वेगवेगळी घरं असतील तर दोघांना वेगवेगळा.

आता वेळ होत आली, पण एक राहिलंच, सासूबाई. मदर-इन-लॉ. सासवा अनेक झाल्या की अनेकवचनाचा एस लागतो मधे, मदर्स-इन-लॉ, आणि त्या सगळ्यांच्या मालकीचं काही असेल तर दुसरा एस शेवटी, लॉच्या पुढे, त्याच्या आधी खूण. मदर्स-इन-लॉज. एकाच शब्दात दोन एस, एक मोजायला आणि एक हक्क सांगायला. नियमाने शंभर टक्के बरोबर आहे हं हे, पण वाचणारा अडखळतोच, म्हणून मी तरी तिथे 'ऑफ' वापरून वाक्य फिरवून टाकतो, सासूबाईंच्या वाटेला कोण जाणार. नमस्कार.