आधी ताण, मग आकार

नमस्कार, श्रोतेहो.

घरी सिनेमाचा खेळ करायचा ठरलं की सगळी चौकशी प्रोजेक्टरची होते. पडद्याचा विषय निघाला की मात्र "पांढरं कापड तर हवंय" एवढ्यावर भागवलं जातं. मीही पहिल्या खेळाला चादरच बांधली होती. वरच्या दोन कोपऱ्यांना दोरी, खाली काहीच नाही. सिनेमातला माणूस बोलत होता आणि त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक वळी उतरली होती. पंख्याचा वारा लागला की अख्खा चेहरा पाण्यात पडल्यासारखा हलायचा. शिवाय निम्मा उजेड चादरीतून पलीकडे जात होता; मागच्या भिंतीवर तोच सिनेमा फिकट होऊन दिसत होता.

वळी इतकी का खुपते, ते सांगतो. उजेडाचा झोत एका दिशेने येतो. वळीच्या एका उतारावर तो सरळ पडतो, दुसऱ्यावर तिरपा. म्हणून एक बाजू उजळ, दुसरी मळकी. आणि सिनेमात कॅमेरा फिरतो तेव्हा चित्र सरकतं, वळी मात्र जागची हलत नाही. डोळा तिलाच धरून बसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की मोठा आणि नेता-आणता येणारा पडदा घेताना पहिला प्रश्न इंचांचा नको. हे कापड चारही बाजूंनी ताणून कसं राहणार, हे आधी विचारा.

तिपाईवरचा पडदा सगळ्यांत सोपा. नळकांड्यातून कापड वर ओढलं की काम झालं. पण त्याला ताण फक्त वरून आणि खालून असतो, बाजूच्या कडा मोकळ्या. काही महिन्यांत त्या कडा आतल्या बाजूला वळायला लागतात, आणि पडदा जितका रुंद तितकं ते जास्त दिसतं. लहान पडद्याला हे चालून जातं, मोठ्याला नाही. हवा भरून उभा करायचा पडदा मुलांना फार आवडतो; मात्र त्यातल्या बऱ्याच पडद्यांचा पंखा खेळभर चालू ठेवावा लागतो, आणि सिनेमातल्या शांत प्रसंगात तोच ऐकू येतो.

मी वापरतो आणि सुचवतो तो घडीच्या चौकटीचा. ॲल्युमिनियमच्या नळ्या उलगडायच्या, चौकट तयार करायची, आणि कापडाच्या काठावरची टिचबटणं चौकटीवरच्या बटणांवर दाबायची. इथे एक क्रम पाळा. आधी चारही कोपरे, मग प्रत्येक बाजूचं मधलं बटण, मग उरलेली. एका टोकापासून ओळीने लावत गेलात तर शेवटची दोन-तीन बटणं पोहोचतच नाहीत. शेवटच्या बटणाला अंगठा दुखेपर्यंत जोर लागतो, आणि ते टिच्च करून बसलं की कापड ढोलकीच्या पुडीसारखं होतं. तो जोर म्हणजेच ताण. थंडीत प्लॅस्टिकचा थर असलेलं कापड आखडतं, तेव्हा ते थोडा वेळ खोलीत उलगडून ठेवा आणि मग ओढा.

आता आकार. पडद्याचा आकार कर्णावर सांगतात, त्यामुळे अंदाज चुकतो. सोळास नऊ प्रमाणाचा 120 इंची पडदा म्हणजे सुमारे 266 सेंटिमीटर रुंद आणि 149 सेंटिमीटर उंच चित्र. पुढच्यांची डोकी आड येऊ नयेत म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर धरली, तर वरची कड 2 मीटर 40 वर जाते. त्याच हिशेबाने 150 इंची पडद्याची वरची कड पावणेतीन मीटरच्याही वर जाईल. कितीतरी खोल्यांचं छत त्याआधीच येतं. म्हणून विकत घेण्याआधी भिंतीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून चौकोन आखा आणि नेहमीच्या जागी बसून बघा. 266 सेंटिमीटर रुंद चित्रासाठी साडेतीन ते पाच मीटर अंतरावरची बैठक चांगली.

उजेडाचा हिशेबही इथेच करावा, कारण उजेड तेवढाच राहतो आणि क्षेत्रफळ वाढत जातं. डिजिटल सिनेमागृहात पडद्याचा उजळपणा दर चौरस मीटरला 48 कँडेला (हे उजळपणाचं एकक) असावा असं प्रमाण आहे. प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात, आणि 'अन्सी' म्हणजे तो अमेरिकी मानक संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने मोजलेला. समजा तुमच्या प्रोजेक्टरचा उजेड खरोखर मोजलेले 500 अन्सी लुमेन आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर 100 इंची चित्राला तो सुमारे 58 कँडेला देईल, म्हणजे सिनेमागृहापेक्षा जास्त. 120 इंचाला 40, आणि 150 इंचाला जेमतेम 26. हे सगळं अंधाऱ्या खोलीत. खोक्यावर नुसते 'लुमेन' लिहून मोठा आकडा दिला असेल तर त्यावर विसंबू नका. 'अन्सी' हा शब्द शोधा.

विक्रेते गेनचा आकडाही पुढे करतात. पडदा उजेड किती परत फेकतो, त्याचं ते माप. 1 गेनचा मॅट पांढरा पडदा सगळीकडे सारखा उजेड पसरवतो. 1.5 किंवा 2 गेनचा पडदा नवा उजेड निर्माण करत नाही. बाजूचा उजेड काढून समोरच्याला देतो. समोर बसणारा खूश होतो, कडेला बसलेल्या आजीला मात्र चित्र अंधुक दिसतं, आणि मधोमध एक उजळ ठिपकाही जाणवतो. घरच्या खेळाला माणसं पसरून बसतात, म्हणून 1 ते 1.1 गेन पुरे. राखाडी पडद्यावर काळा रंग गडद दिसतो हे खरं, कारण प्रोजेक्टरला काळा उजेड पाडता येत नाही. काळं म्हणजे उजेड न पडलेला पडदाच. पण राखाडीवर पांढरंही मंदावतं, त्याला प्रोजेक्टर जोरदार लागतो.

कापडाच्या पाठीला काळा थर आहे का, ते खिडकीसमोर धरून बघा. सूर्य आरपार दिसला तर उजेडही तसाच निसटणार. चित्राभोवतीची काळी किनार मात्र अवश्य घ्या. झोत चार बोटं बाहेर गेला तरी ती गिळून टाकते.

उघड्यावर खेळ करणार असाल तर वाऱ्याला कमी लेखू नका, ही कळकळीची विनंती. 120 इंची कापड म्हणजे 4 चौरस मीटरचं शीडच. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याचा त्यावर सुमारे 9 किलोंचा रेटा येतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. पाय कितीही रुंद असले तरी पुढून-मागून तंबूसारख्या दोऱ्या आणि खुंट्या हव्यातच. गच्चीवर खुंटी ठोकता येत नाही, तिथे वाळूच्या पिशव्या ठेवा. वारा वाढला तर खेळ थांबवून कापड आधी उतरवा. समोर मुलं बसलेली असतात.

घरी आणल्यावर कापड कोरडं करूनच ठेवा, आणि शक्य असेल तर घडी न घालता नळीवर गुंडाळा. घडीच घालावी लागत असेल तर खेळाच्या आदल्या संध्याकाळी घरात पडदा उभा करून ठेवा. रात्रभर ताणाखाली राहिला की घड्यांच्या बऱ्याच खुणा सकाळपर्यंत निघालेल्या असतात.