भट्टीत न गेलेली वीट: कासा दे एस्तुदियोच्या निमित्ताने

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो 'एका मातीच्या घराचा इतिहास आणि वास्तुरचना'. त्याकडे येतोच. आधी एका शब्दाशी भांडण आहे, ते उरकून घेऊ. शब्द आहे 'कच्चं'. सरकारी पाहणीत भिंत न भाजलेल्या विटांची निघाली, की घर कच्च्यात जमा. कैरी आढीत घातली की पिकते, पण या विटेनं पिकायचं म्हणजे भट्टीतच जायचं, आणि भट्टीत गेली की ती ही वीट उरलीच नाही. पडद्यावर दिसतंय ते घर अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या जुन्या गावातलं. नाव 'कासा दे एस्तुदियो', म्हणजे एस्तुदियोंचं घर. 1827 साली त्याचं काम सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती. मेक्सिकोचा झेंडा गेला, अमेरिकेचा आला, घर आपलं कच्चंच! या विटेला स्पॅनिश लोक 'अडोबे' म्हणतात. शब्द अरबीतून आला, अरबीत तो प्राचीन इजिप्तमधून. चारेक हजार वर्षं कुणी न भाजताच टिकलाय.

हे घर बांधलं होसे मारिया एस्तुदियो या लष्करी अधिकाऱ्यानं आणि त्याच्या मुलानं, होसे अँतोनियोनं. मुलगा पुढे गावचा अल्काल्दे झाला, आपल्या भाषेत पाटील आणि न्यायाधीश एकाच पगडीत. 1887 मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं, घर राखणदाराच्या हाती राहिलं. आणि इथून खरी गंमत.

त्याआधी तीन वर्षं, 1884 मध्ये, हेलन हंट जॅक्सन यांची 'रमोना' ही कादंबरी आली होती. मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय लोकांना दिसावा म्हणून बाईंनी ती लिहिली. वाचकांनी अन्याय बाजूला ठेवला आणि प्रेमकथा उचलली. रमोनाचं लग्न सॅन डिएगोत लागतं ना, मग ते घर कुठंय? बोट एस्तुदियोंच्या घराकडे गेलं. आता कादंबरी उघडून बघा. लांबट, बसक्या, पडक्या मातीच्या इमारतीच्या टोकाला पाद्रीबाबा राहतात आणि लग्न लागतं रस्त्यापलीकडच्या चॅपेलमध्ये. म्हणजे गोष्ट खरी धरली तरी या घरात लग्न नाहीच. पण सांगणार कोण? लेखिका 1885 मध्येच वारल्या होत्या. राखणदारानं ओळखलं की गिऱ्हाईक आलंय. कौलं, कुलपं, भिंतीचे तुकडेसुद्धा त्यानं आठवण म्हणून विकले. ऊन-पावसाला जे जमलं नसतं ते प्रेमकथेच्या वाचकांनी वीसेक वर्षांत केलं. छप्पर गेलं, भिंती उघड्या पडल्या.

1906 मध्ये जॉन स्प्रेकल्स या धनिकानं घर घेतलं. ट्राम कंपनी त्याचीच, ट्रामला उतारू हवेत, उतारूंना बघायला काहीतरी हवं. म्हणजे लूट केली वाचकांनी आणि दुरुस्तीचा पैसा आला तो त्यांच्याच तिकिटांच्या आशेवर. 1910 मध्ये 'रमोनाचं लग्नघर' म्हणून ते उघडलं आणि कित्येक वर्षं त्याच नावानं चाललं. एस्तुदियो कुटुंबाची तिथे कुणाला आठवण नाही! 1968 मध्ये घर राज्याकडे आलं, तेव्हा कुठे मूळ मालकांचं नाव परत लागलं.

दुरुस्ती केली हेझल वॉटरमन या वास्तुरचनाकार बाईंनी. त्यांनी हट्टानं विटा जुन्या रीतीनं, हातानं पाडून घेतल्या. या रीतीवर जरा थांबू, कारण 'चिखलाचं काय, कुणीही करेल' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

माती कुठलीही चालत नाही. आपल्या गावांत काळी आणि पांढरी हा भेद उगीच नाही. काळी पिकाला, पांढरी घराला. काळी पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, तिची वीट उन्हातच फाटते. विटेच्या मातीत चिकण साधारण 15 ते 30 टक्के, बाकी बहुतेक वाळू हवी. परीक्षा घरी करा. काचेची बरणी तिसरा हिस्सा मातीनं भरायची, वर पाणी, चिमूटभर मीठ, खडखडून हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकण रात्रभर घेते. सकाळी थर पट्टीनं मोजा. चिकण जास्त झाली तर वीट तडकते, कमी पडली तर कोपरे झडतात.

मग चिखल तुडवायचा, त्यात काड घालायचं. काड विटेला 'धरून ठेवतं' असं सगळे सांगतात. त्याचं मोठं काम वेगळंच आहे: आतलं पाणी त्याच्या वाटेनं बाहेर येतं, वीट सगळीकडून सारखी वाळते, म्हणून तडकत नाही. बिनबुडाचा लाकडी साचा ओला करायचा, चिखल कोपऱ्यांत दाबून भरायचा, साचा लगेच सरळ वर उचलायचा. कॅलिफोर्नियात वीट सुमारे 11 बाय 22 इंच, जाडी चारेक इंच, म्हणजे वाळल्यावरही 25-27 किलो. दोन-तीन दिवस आडवी, मग कडेवर उभी, आणि पुरती वाळायला महिना. घाई केली तर बाहेरून दगड, आतून शिरा. वाळलेली वीट कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाकायची. कोपरा फुटला तर पास, दोन तुकडे झाले तर नापास.

कौलांचीही एक दंतकथा आहे. कामगार म्हणे ती मांडीवर वळत. अहो, कौल हातभर लांब, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळतं. तशी मांडी कुणाची असेल तर आधी त्याला वैद्याकडे न्या. कौलं लाकडी साच्यावरच होत.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. वास्तुरचना राहिलीच की! भरभर सांगतो.

घर इंग्रजी यू अक्षरासारखं, मध्ये चौक. खोल्या एकापुढे एक, एकाच ओळीत, आतून बोळ नाही. ये-जा चौकाभोवतीच्या पडवीतून. वाड्यात वावरलेल्यांना वेगळं सांगायला नको. छपरावर लाकडी मनोरा, समोरच्या चौकातल्या बैलांच्या झुंजी बघायला. आढ्याची लाकडं कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली. वादी ओली बांधायची, वाळली की आवळते. खिळे बोटीनं यायचे, कातडी मात्र इतकी की तिला 'कॅलिफोर्नियाची नोट' म्हणत.

पडवीचं छप्पर नुसतं सावलीला नाही, ते भिंतीचं छत्र आहे. सॅन डिएगोला वर्षाचा पाऊस जेमतेम दहा इंच, तरी भिंतीला दगडी जोतं लागतंच. पाणी वरून मारतं त्यापेक्षा खालून जास्त मारतं. ओल जमिनीतून चढते, बरोबर क्षार आणते, पाणी उडून गेलं की क्षारांचे खडे फुगतात आणि पायथ्याशी भिंत पोखरते. लोणा लागतो म्हणतो ते हेच.

आता मुख्य मुद्दा, तीन मिनिटांत. पोखरलेला पायथा दिसला की माणूस सिमेंट आणतो. सिमेंटचा गिलावा पाणी बाहेर सोडत नाही. ओल त्याच्या मागून आणखी वर चढते. बाहेरून भिंत ठणठणीत, आत चिखल. न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओसच्या जुन्या मातीच्या चर्चला 1967 मध्ये असा गिलावा दिला आणि 1979 मध्ये सगळा खरवडून काढला. तेव्हापासून गावकरी दरवर्षी हातानं मातीचा गिलावा देतात. जोडाईलाही विटेचीच माती हवी. सांधा सिमेंटचा असला तर सांधा टिकतो, वीट झिजते. भूकंपात जाड बुटकी भिंत तग धरते. जाडीच्या सहापटींच्या आत उंची असली तर बरं, आठपटींच्या वर गेली की धोका. वरची कड छपराशी बांधलेली हवी, नाहीतर भिंत बाहेर कलंडते.

'यातलं बरंचसं 1910 चं आहे, मूळ नव्हे' अशी नाकं मुरडणारे असतात. त्यांना विचारा, सारवलेल्या जमिनीचं मूळ सारवण कुठलं? एस्तुदियोंचा आराखडा आहे, पडवी आहे, खोल्यांचा क्रम आहे. माती बदलायचीच असते. हे घर आता संग्रहालय, तिथे मात्र ती बदलायला कागद लागतो, आणि कागद येईपर्यंत एक पावसाळा जातो.

दुसरी चिठ्ठी आली. बरं, तिथे गेलात तर पलंग-पेट्यांपुढे फार रेंगाळू नका. पडवीत उकिडवे बसा आणि भिंतीचा खालचा हातभर भाग बघा. पांढरी पूड, पोकळ आवाज, रंगाला आलेले फोड. जोत्याला खेटून फुलझाडं लावली असतील तर त्यांना पाणी कुठून घालतात तेही बघा. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.